शिंदे ते सिंधिया : एका आडनावाचा प्रवास

पुण्याला वानवडीत महादजींची समाधी आहे. रिक्षावाल्याला 'शिंदे छत्री' म्हटले की तो बरोबर नेऊन सोडतो. आपल्या मध्य प्रदेशात शिवपुरीला त्याच घराण्यातील माधवराव महाराज आणि त्यांच्या मातोश्री सख्याराजे यांच्या संगमरवरी छत्र्या आहेत. तिथे मात्र 'सिंधिया की छत्री' असे विचारावे लागते. घराणे एकच, कुलदैवत एकच, पण दक्षिणेत आडनाव एक आणि उत्तरेत दुसरे. या दोन छत्र्यांच्या मधल्या वाटेवर आपले उज्जैन आहे. शिंद्यांचे सिंधिया होण्याची सुरुवात याच भागात झाली असे आम्हाला वाटते, आणि त्याची कारणे या लेखात मांडायची आहेत.

आडनावांच्या दुनियेत ही एक विलक्षण गोष्ट आहे. 'शिंदे' हे महाराष्ट्रात अत्यंत प्रचलित आडनाव. सातारा, सोलापूर, नगर, बीड, कुठल्याही तालुक्याची मतदारयादी उघडा, शिंदे सापडणारच. ते एका जातीचेही नाही. शहाण्णव कुळी मराठ्यांत शिंदे आहेत, तसे इतर अनेक समाजांतही आहेत. 'स्त्री-पुरुष तुलना' हे पुस्तक १८८२ मध्ये लिहिणाऱ्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे. अस्पृश्यतानिवारणासाठी आयुष्य वेचणारे जमखंडीचे महर्षी विठ्ठल रामजी शिंदे. यांचा ग्वाल्हेरच्या गादीशी काही संबंध नाही. उलट 'सिंधिया' म्हटले की डोळ्यांपुढे एकच घराणे उभे राहते. इतक्या सर्वसाधारण आडनावातून इतके दुर्मिळ आडनाव निघाले, आणि ते त्या घराण्याने स्वतः हौसेने घेतलेले नाही. दुसऱ्यांच्या कानांनी आणि लेखण्यांनी ते घडवले.

मूळ गाव सातारा जिल्ह्यातील कोरेगाव तालुक्यातले कण्हेरखेड. शिंदे तिथले पाटील. छत्रपती शाहू महाराज औरंगजेबाच्या कैदेत असताना त्यांची जी लग्ने लावली गेली, त्यांतील एका राणीचे माहेर याच कण्हेरखेडच्या शिंद्यांचे. म्हणजे राणोजी उदयाला येण्याच्या आधीही हे घर अगदीच अनोळखी नव्हते. राणोजी पेशव्यांचे जोडे सांभाळत असत, आणि झोपेतही ते छातीशी धरलेले पाहून पेशव्यांनी त्यांना वर काढले, ही गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली आहे. ती माल्कम साहेबाने माळव्याविषयीच्या आपल्या ग्रंथात १८२३ मध्ये छापली आणि तिथून ती सर्वत्र झाली. गोष्ट खरी असो वा रचलेली, पाटीलकीचे वतन असलेल्या घरातला मुलगा हुजऱ्या म्हणून चाकरीला लागणे त्या काळी कमीपणाचे नव्हते, एवढे ध्यानात ठेवावे.

कण्हेरखेडच्याही मागे जायचे तर वाट कर्नाटकात जाते. अकराव्या-बाराव्या शतकांत येलबुर्गा, बागलकोट या भागांत 'सिंद' नावाचे राजवंश होते. कल्याणीच्या चालुक्यांचे ते मांडलिक. ते स्वतःला नागवंशी म्हणवत. त्यांच्या एका शिलालेखात कुळाच्या मूळ पुरुषाची कथा आहे : सिंधू नदीच्या प्रदेशातील अहिच्छत्र येथे नागराजाच्या पोटी तो मनुष्यरूपाने जन्मला. काही इतिहासकार 'शिंदे' हे नाव या 'सिंद' कुळाशी जोडतात. उच्चार जवळचा आहे, प्रदेश जवळचा आहे, आणि आणखी एक खूण सहज नजरेत भरते : ग्वाल्हेर संस्थानच्या राजचिन्हात सूर्याच्या दोन्ही बाजूंना फणा काढलेले नाग आहेत. राणोजींवर नागाने फणा धरल्याची दंतकथाही आहेच. सातशे वर्षांचे अंतर एका नागाच्या फण्यावर तोलणे अवघड, म्हणून आम्ही हे नाते पक्के मानत नाही. पण शिंदीच्या झाडावरून आडनाव पडले, असे जे कोणी कोणी म्हणते, त्यापेक्षा हे निश्चित बरे.

आता माळवा. १७३२ मध्ये माळव्याच्या उत्पन्नाची वाटणी झाली आणि शिंदे, होळकर, पवार ही तीन घराणी इथे रुजली. होळकरांनी पुढे इंदूर वाढवले, पवारांकडे धार आणि देवास आले, राणोजी शिंद्यांनी आपले ठाणे उज्जैनला केले. त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी महाकाल मंदिराचा जीर्णोद्धार केला. आज आपण ज्या शिखराला हात जोडतो ते त्या कामाचे. राणोजी मात्र आपल्या कुलदैवताला विसरले नव्हते. कोल्हापूरजवळच्या वाडी रत्नागिरीवर जोतिबाचे मोठे देऊळ त्यांनी १७३० मध्ये बांधवले. एक हात जोतिबाकडे आणि एक महाकालाकडे, असे हे पहिल्या पिढीचे शिंदे. १७४५ मध्ये शुजालपूरजवळ राणोजी वारले, तेव्हा ते मराठी कागदांत शिंदेच होते. त्या काळच्या मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नसत आणि 'श'च्या जागी 'स'ही सर्रास चाले, त्यामुळे जुन्या पत्रांत 'सिंदे' असेही लिहिलेले आढळते. पण शेवटी 'दे'च. 'धिया' नाही.

मग हा 'धिया' आला कुठून?

आमचे मत असे आहे की तो मराठीच्या व्याकरणातूनच निघाला. आपण 'शिंदे' फक्त कर्ता असतानाच म्हणतो. प्रत्यय लागला की लगेच 'शिंद्यांची फौज', 'शिंद्यांचा वकील', 'शिंद्यांनी ठाणे घेतले', 'शिंद्यांकडे जा'. म्हणजे बोलताना दहातल्या आठ वेळा ऐकणाऱ्याच्या कानावर 'शिंद्या' पडते. आता माळव्यातला, बुंदेलखंडातला किंवा दिल्लीचा माणूस डोळ्यांपुढे आणा. त्याच्या गावावरून मराठी लष्कर जाते आहे, स्वार ओरडत आहेत, कारकून दरडावत आहेत, आणि प्रत्येकाच्या तोंडी 'शिंद्यांचे', 'शिंद्यांना'. त्याला हे सामान्यरूप आहे हे कसे कळावे? त्याने 'शिंद्या' हेच नाव धरले. माळवीत आणि बुंदेलीत 'श'चा 'स' होतोच, म्हणून 'सिंद्या'. आणि 'द्या' हे जोडाक्षर सुटे करून म्हटले की 'सिंदिया'. शिवाय हिंदी कानाला '-इया' हा शेवट घरचा वाटतो : कनौजिया, जयपुरिया, कटारिया. आपल्या बाजारातल्या दुकानांच्या पाट्या वाचत गेले तरी अशी चार नावे भेटतील. राहिला 'द'चा 'ध'. सिंध आणि सिंधू हे शब्द सगळ्यांच्या तोंडात बसलेले, नवा शब्द त्यांच्याकडे ओढला गेला असावा.

हा नुसता तर्क नाही, त्याला एक जोड सापडते. कोकण किनाऱ्यावर कान्होजी आंग्रे यांनी इंग्रजांना हैराण केले. इंग्रज त्यांना काय लिहीत? 'आंग्रिया'. 'आंग्र्यांचे आरमार', 'आंग्र्यांची गलबते' हे ऐकून ऐकून आंग्रेचे आंग्रिया झाले. विजयदुर्गाच्या पश्चिमेला खोल समुद्रात प्रवाळाचा एक बुडालेला उंचवटा आहे, त्याला नकाशात आजही 'आंग्रिया बँक' म्हणतात. शिंदे-सिंधिया आणि आंग्रे-आंग्रिया ही दोन्ही नावे एकाच साच्यातून निघाली आहेत, आणि तीही देशाच्या दोन टोकांना, वेगवेगळ्या परक्यांच्या तोंडी. गायकवाड एकारान्त नाहीत, म्हणून त्यांचे इंग्रजीत काहीही झाले तरी 'इया' झाले नाही. भोसल्यांचे 'भोंसला' झाले, पेशव्यांचे 'पेशवा' झाले, कारण तिथे एकवचनी 'भोसला', 'पेशवा' हे रूप मराठीतही वापरात होते. घोरपडे, घाटगे यांची नावे का वाचली, असे कोणी विचारील. नर्मदेच्या उत्तरेला त्यांच्या नावाचा पुकारा रोज उठत नव्हता, हे त्याचे साधे उत्तर.

दिल्लीत हे रूप पक्के झाले. महादजींनी १७७१ मध्ये मराठी फौजांसह दिल्ली घेण्यात भाग घेतला आणि शाहआलम बादशहाला परत त्याच्या तख्तावर आणले. १७८४ मध्ये वकील-इ-मुतलकचे अधिकार त्यांच्या हाती आले. तिथला सारा कारभार फार्सीत. फार्सी लिहिणाऱ्या मुनशांनी 'सिंधिया' धरले. १७८८ मध्ये गुलाम कादिराने बादशहाचे डोळे काढले, त्यानंतर शाहआलमने रचलेली म्हणून जी फार्सी कविता प्रसिद्ध आहे, तीत तो महादजींना आपला लाडका मुलगा म्हणतो, आणि तिथे नाव येते ते 'माधोजी सिंधिया'. पाहा, आडनावाबरोबर नावही गेले. महादजी म्हणजे महादेवावरून पडलेले नाव, त्याचे माधोजी झाले, माधोजीचे माधवराव झाले, आणि पुढे त्या घराण्यात माधवराव हेच नाव ठेवले जाऊ लागले. आपले माधवनगर, आपले माधव कॉलेज ही नावे त्या माधवरावांवरून.

गंमत अशी की ज्यांच्यामुळे हे आडनाव हिंदुस्थानभर गाजले, त्या महादजींना स्वतःला ते फारसे प्रिय नसावे. ते स्वतःला 'पाटील' म्हणवत. पुण्याच्या पत्रांत त्यांचा उल्लेख 'पाटीलबावा' असा येतो. बादशहाकडून मिळालेल्या किताबांची रांग लागली तरी त्यांना कण्हेरखेडची पाटीलकी मोठी वाटे. मुत्सद्देगिरीत हा विनय उपयोगीही पडत असणार, हे उघड आहे. तरी दिल्लीच्या दरबारात सर्वांत बलाढ्य असलेला माणूस सातारा जिल्ह्यातील एका खेड्याचा हुद्दा आपल्या नावाला लावतो, यात काही खरेपणा निश्चित आहे. १२ फेब्रुवारी १७९४ रोजी ते वानवडीला वारले. दक्षिणेत वारले म्हणून त्यांची छत्री 'शिंदे' राहिली.

इंग्रजांनी त्यात आणखी एक अक्षर घातले. १८०३ मध्ये असईची लढाई झाली आणि डिसेंबरात सुर्जी-अंजनगावचा तह. त्या काळच्या इंग्रजी कागदांत, वेलस्लीच्या पत्रांत, नाव येते ते सुरुवातीला 'एस'नंतर 'सी' घातलेले आणि शेवटी 'एच' जोडलेले. 'सी'चा उच्चार होत नाही, मग तो कशाला? त्या काळी इंग्रज सिंध प्रांताचे नावही असेच 'एस-सी'ने लिहीत. १८५२ मध्ये कराचीकडे जे टपालाचे पहिले तिकीट निघाले ते 'सिंद डाक', त्यावरही हीच अक्षरे. म्हणजे इंग्रजांच्या लेखी सिंध आणि सिंधिया एकाच पेटीतले. त्यातून पुढे असाही समज निघाला की हे घराणे सिंधमधून आले असावे. कण्हेरखेडच्या पाटलाला सिंधी करून टाकायला एक मुके अक्षर पुरले. (आणि तिकडे कर्नाटकातल्या शिलालेखात मूळ पुरुष सिंधूकाठचाच सांगितला आहे, हा योगायोग मात्र मजेदार.)

इंग्रज ग्रंथकारांतही एकमत नव्हते. ग्रँट डफ आणि माल्कम 'सिंदिया' लिहितात, 'सी'ही नाही आणि 'ध'ही नाही. १८९१ मध्ये कीन याने महादजींचे चरित्र लिहिले तेव्हा 'ध'सह 'सिंधिया' लिहिले. विसाव्या शतकाच्या आरंभीचे इंपीरियल गॅझेटियर आणि नंतर सर जदुनाथ सरकारही तसेच लिहितात. पण संस्थानने स्वतःसाठी इंग्रजीत 'सी'वाले रूप ठेवले आणि हिंदीत 'सिंधिया'. मराठीत मात्र ते घराणे 'शिंदे'च राहिले. एका माणसाची तीन भाषांत तीन आडनावे, आणि तिन्ही खरी.

१८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी राजधानी उज्जैनहून ग्वाल्हेरला नेली. त्याआधी १८०१ मध्ये यशवंतराव होळकरांनी उज्जैनला शिंद्यांच्या पलटणींचा धुव्वा उडवला होता. शहराला त्या वर्षांनी काय सोसावे लागले असेल ते सांगायला नको. राजधानी गेली, पण लष्कराबरोबर आलेली सगळी माणसे गेली नाहीत. कारकून, शास्त्री, भटजी, वैद्य, शिलेदार, पोतदार यांची घरे राहिली, आणि पुढे शिक्षक, वकील, रेल्वेचे नोकर यांची भर पडली. आज आपल्या मंडळाच्या आरतीला जमणाऱ्या घरांपैकी बऱ्याच घरांची कहाणी या दोन लाटांत बसते. या घरांत शिंदेही होते. पण त्यांतले कोणी सिंधिया झाले नाही. गादीवरचे सिंधिया आणि त्यांच्याच पदरी असलेले शिंदे, हा भेद तेव्हापासून पडला तो पडलाच. आडनावाचे नवे रूप राजासाठी राखीव झाले.

आता या दुर्मिळ आडनावाचा पसारा पाहा. काशीला गंगेवर 'सिंधिया घाट' आहे. तो दौलतरावांच्या राणी बायजाबाई यांनी १८३० च्या सुमारास बांधवला. बायजाबाई कागलच्या घाटग्यांच्या कन्या. आपल्या छत्री चौकापलीकडचे गोपाळ मंदिर त्यांचेच. काशीचा घाट इतका जड झाला की तो नदीत खचला, पुन्हा बांधावा लागला. काशीतच ज्ञानवापीच्या विहिरीभोवतीचा मंडप त्यांनी १८२८ मध्ये उभारला. एवढे करून काशीकरांच्या तोंडी बायजाबाईंचे नाव राहिले नाही, आडनाव राहिले.

ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरची शाळा १८९७ मध्ये निघाली तेव्हा 'सरदार स्कूल' होती, सरदारांच्या मुलांसाठी. १९३३ मध्ये ती 'सिंधिया स्कूल' झाली. उज्जैनला उलट घडले. इथे घराण्यातल्या व्यक्तींची नावे जास्त दिली गेली : माधवनगर, माधव कॉलेज, आणि सवाई जयसिंगांनी बांधलेली व १९२३ मध्ये दुरुस्त झालेली वेधशाळा 'जिवाजी वेधशाळा'. आडनावाने ओळखली जाणारी मोठी संस्था एकच, विक्रम विश्वविद्यालयाचे सिंधिया प्राच्य विद्या शोध संस्थान. तिथे हजारो हस्तलिखिते आहेत. आपल्यापैकी किती जणांनी ते आतून पाहिले आहे, हा प्रश्न आम्ही मंडळाच्या सभेतही एकदा विचारला होता. उत्तरादाखल चहा आला.

सगळ्यांत दूरचा प्रवास मात्र पाण्यावरून झाला. पहिल्या महायुद्धात ग्वाल्हेरच्या माधवराव महाराजांचा पुढाकार असलेले 'लॉयल्टी' नावाचे इस्पितळ-जहाज होते. युद्ध संपल्यावर ते विकायला निघाले. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी नरोत्तम मोरारजी वगैरे भागीदारांबरोबर ते घेतले आणि १९१९ मध्ये कंपनी काढली. जहाज शिंद्यांकडून आले म्हणून कंपनीचे नाव 'सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन'. ५ एप्रिल १९१९ रोजी 'लॉयल्टी' मुंबईहून लंडनला निघाले. इंग्रज कंपन्यांची मक्तेदारी असताना हिंदी मालकीच्या जहाजाने ही सफर करणे ही साधी गोष्ट नव्हती. म्हणून ५ एप्रिल हा दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. मुंबईच्या बॅलार्ड इस्टेटमध्ये कंपनीचे 'सिंधिया हाऊस' उभे राहिले. ज्या आंग्र्यांचे नाव इंग्रजांनी आरमारामुळे 'आंग्रिया' केले, त्यांच्या समुद्रात सुमारे दोनशे वर्षांनी 'सिंधिया'ची जहाजे फिरू लागली. घोड्यावरून आलेले आडनाव बोटीवर चढले.

याच कंपनीने विशाखापट्टणला जहाजे बांधण्याचा कारखाना काढला. १९४१ मध्ये डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पायाभरणी झाली, आणि १९४८ च्या मार्चमध्ये 'जलउषा' हे जहाज पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात सोडले गेले. पुढे कारखाना सरकारने घेतला, तो आजचा हिंदुस्तान शिपयार्ड. कंपनीही आता इतिहासजमा झाली. पण विशाखापट्टणच्या त्या भागाला लोक आजही 'सिंधिया' म्हणतात. तेलुगू बोलणारा माणूस रोज 'सिंधिया'ला उतरतो, आणि त्याला कण्हेरखेड ठाऊक असण्याचे काही कारण नाही.

एवढे सगळे आम्हाला लिहावेसे वाटले त्यामागे एक घरचे कारणही आहे. आम्ही राज्य शासनाच्या नोकरीत, म्हणजे आयुष्य कागदांत. नामांतरणाची, वारसांची, निवृत्तिवेतनाची प्रकरणे पाहताना मराठी आडनावांचे काय होते ते रोज दिसते. राजघराण्याचे आडनाव बदलले तेव्हा त्याचा ठसा झाला, शाळा झाली, जहाज झाले. आपले बदलते तेव्हा त्याचे शपथपत्र होते. हिंदी छापील फॉर्मांत 'ळ' नाही. म्हणून काळ्यांचे 'काले', गोळ्यांचे 'गोले', केळकरांचे 'केलकर', टिळकांचे 'तिलक', होळकरांचे तर केव्हाच 'होलकर' झालेले. वेलणकरांचा 'ण' कोणी ठेवतो, कोणी ठेवत नाही. शेजारी देवास-धारकडे पवारांचे हिंदीत 'पँवार' आणि इंग्रजीत 'पुआर' झाले. चव्हाणांना तर सगळे चौहानच समजतात. लेले, दाते, जोशी यांना काही त्रास नाही, ते भाग्यवान.

एका घरातले उदाहरण सांगतो, नाव नको. वडिलांच्या जुन्या मराठी शाळेच्या दाखल्यावर 'ळ', मोठ्या मुलाच्या मार्कशीटवर 'ल', धाकट्याच्या इंग्रजी पासपोर्टवर 'एल'ला जोडून भलताच 'ए'. वडील गेल्यावर घर नावावर करायची वेळ आली तेव्हा ही तीन माणसे एकाच कुटुंबातली आहेत हे सिद्ध करायला पावणेदोन वर्षे गेली. आई त्या काळात रोज विचारायची, 'आपलं आडनाव कधीपासून बदललं?' तिला कोणी उत्तर देऊ शकले नाही, कारण बदलले असे कधी झालेच नव्हते. प्रत्येक खिडकीवरच्या माणसाने त्याला जमले तसे लिहिले, आणि घरच्यांनी 'जाऊ दे' म्हटले.

यात खिडकीवरच्या माणसाचा तरी काय दोष? दिल्लीच्या मुनशीने आणि कंपनीच्या लेखनिकाने केले तेच तो करतो आहे, कानाला पडेल ते आपल्या लिपीत बसवतो. आणखी एक सांगायचे म्हणजे 'ळ' इथल्या मातीला परका नाही. उज्जैनच्या आसपासच्या खेड्यांतली मालवी ऐका, तिच्यात 'ळ' स्वच्छ उच्चारला जातो. शहरातल्या शाळेत शिकलेल्या हिंदीने तो पुसला. म्हणजे काळ्यांचे 'काले' करणाऱ्या बाबूची आजी कदाचित 'ळ' आपल्याइतकाच नीट म्हणत असेल.

आमच्या पाहण्यात आलेल्या घरांत दोन मते आहेत. काहींनी 'ल' आणि 'न' आनंदाने स्वीकारले आहेत. मुले इथलीच, सून मालवी, जावई पंजाबी, आडनाव सगळ्यांना म्हणता यावे हे बरे, असे ते म्हणतात. शिंद्यांना सिंधिया होऊन काही तोटा झाला का, असेही ते विचारतात, आणि त्यात तथ्य आहे. दुसरी घरे नेटाने 'ळ' लिहितात, मुलांना म्हणायला लावतात, फॉर्म परत करून दुरुस्त करून आणतात. आम्ही दुसऱ्या बाजूचे. कारण शिंद्यांना बदललेल्या नावाबरोबर मूळ नावही सांभाळणारे हजारो लोक मागे दक्षिणेत होते. वानवडीची छत्री कोणी सिंधिया केली नाही. कण्हेरखेडला, जोतिबाच्या डोंगरावर, पारनेरजवळच्या जामगावात महादजींच्या वाड्यापाशी, सगळीकडे ते शिंदेच आहेत. आपल्या घरांपैकी बहुतेकांच्या मूळ गावी आता कोणी उरलेले नाही. तिथल्या दाराची पाटी कधीच उतरली. आडनाव मूळ रूपात कुठे शिल्लक असेल तर ते इथल्याच घरात, ट्रंकेतल्या कागदांवर.

म्हणून वाचकांना एक विनंती आहे. ज्यांच्याकडे पणजोबांच्या काळचे मोडी किंवा बाळबोध कागद असतील, म्हणजे सनदा, खरेदीखते, लग्नपत्रिका, शाळेचे दाखले, त्यांनी त्यांवर आडनाव कसे लिहिले आहे ते पाहून ठेवावे आणि झेरॉक्स मंडळाच्या कार्यालयात आणून द्यावी. मोडी वाचता येत नसेल तर तसेच आणावे, वाचणारे एक-दोन जण अजून आपल्यात आहेत. गणपती विसर्जनानंतरच्या रविवारपासून आम्ही संध्याकाळी तिथे बसू.